बोली लावून आणलेली गर्दी

गेल्या दिवाळीत यवतमाळला गेलो होतो. हिंजवडीतून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी पोचते, मग तर्री-पोहे, मग आंघोळ आणि मग मावशीकडे हजेरी. दरवर्षीचा ठरलेला क्रम. यंदा मात्र मावशीच्या घराची पायरी चढताना पाय जरा जड झाले होते. आत माझा मावसभाऊ बसला होता आणि त्याचे नऊ हजार रुपये माझ्या सल्ल्याने पाण्यात गेले होते.

(नवातले चार हजार मीच दिले होते. पण सल्ला शंभर टक्के माझा, त्यामुळे हिशोब काही बरोबरीत सुटत नाही.)

प्रकरण असं. हा पठ्ठ्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फोनवरच्या एका गाजलेल्या गेममध्ये स्वतःचे मॅप बनवतो. ज्यांचा गेमशी संबंध नोकियावरच्या सापासोबतच संपला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजकाल गेम कंपन्या खेळाबरोबर अवजारंही देतात. भिंती, जिने, गाड्या, हारजितीचे नियम, सगळं तुम्ही मांडायचं. मॅप तयार झाला की त्याचा एक कोड मिळतो आणि तो टाकून कुणीही तुमचा मॅप खेळू शकतो. फ्री फायर मॅक्समध्ये याला क्राफ्टलँड म्हणतात, बीजीएमआयमध्ये वर्ल्ड ऑफ वंडर, फोर्टनाइटमध्ये आयलंड. रोब्लॉक्स तर अख्खं यावरच उभं आहे.

याचा मॅप म्हणजे आपली एक जिनिंग फॅक्टरी. कापसाचे डोंगर, रुईच्या गाठींच्या थप्प्या, मागे पाण्याची टाकी, आणि त्यात लपाछपी. मी खेळलोय. भावाचा आहे म्हणून सांगत नाही, पण कापसाच्या ढिगात लपून बसायची मजा काही औरच!

मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, मॅप तं भारी झाला, पन कोनी खेळूनच नाई रायलं."

आणि मी, सात वर्षं आयटीत काढलेला शहाणा माणूस, कुठल्याशा टाउनहॉलमध्ये ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. "अरे प्रॉडक्ट चाळीस टक्के असतं, साठ टक्के मार्केटिंग. थोडे पैसे टाक, प्रमोशन कर."

त्याने मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात संध्याकाळी काम करून पाच हजार जमवले होते, सेकंडहँड ग्राफिक्स कार्डासाठी. ते काढले. चार मी पाठवले. गेमिंगच्या एका यूट्यूब चॅनेलवाल्याने पैसे घेऊन आपल्या व्हिडिओत मॅपचा कोड दाखवला, एक-दोन पेजेसनी रील टाकले. शनिवार-रविवार नुसती झुंबड! शंभरेक वेळा खेळला गेलेला मॅप काही हजारांवर गेला. स्क्रीनशॉटवर स्क्रीनशॉट येत होते. मंगळवारी ओहोटी लागली. पुढच्या रविवारी मॅपवर कोण होतं? त्याच्याच गल्लीतले बारा पोट्टे. जे आधीही होते.

दिवाळीत मी विषय काढला तर म्हणतो, "जाऊ दे ना दादा, होते असं." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज सरळ मांडतो. पैसे देऊन केलेली जाहिरात छोट्या मॅपवाल्याच्या कामाची नाही. ती जागा विकणाऱ्याच्या कामाची असते, आणि ज्याच्याकडे आधीपासूनच गर्दी आहे त्याच्या.

आता मुद्द्याने.

पहिला मुद्दा : गणित

आपण इंजिनियर लोक, आकडे मांडल्याशिवाय आपल्याला पटत नाही. समजा नऊ हजारांत तुम्ही अडीच हजार खेळाडू आणले. त्यातला प्रत्येक जण पुढे सरासरी किती नवे खेळाडू आणतो, हा खरा प्रश्न. समजा दहा जण मिळून तीन आणतात, म्हणजे ०.३. ते तीन पुढे एखादा आणतील आणि साखळी तिथेच विझेल. सगळी बेरीज केली तर अडीच हजारांचे होतात साधारण ३,५७०. बस्स. जाहिरात थांबली की विषय संपला.

आता जाहिरात बाजूला ठेवा आणि मॅपवर काम करा. दहा जणांनी तीनऐवजी सहा आणावेत इतका तो सुधारला, तर त्याच अडीच हजारांचे होतात ६,२५०. म्हणजे खर्च तोच, आणि माणसं पावणेदोन पट. कोविडच्या काळात आपण सगळे आर-फॅक्टरवर बोलत होतो ना, तेच हे गणित, फक्त इथे लागण हवी आहे. :)

जाहिरात फक्त सुरुवातीचा आकडा वाढवते. किती काळ थांबायचं, उद्या परत यायचं की नाही, मित्राला ओढून आणायचं की नाही, हे ती ठरवत नाही. ते मॅप ठरवतो. त्यात पैसे देऊन आणलेला माणूस सगळ्यात उतावळा. तो तुमच्यासाठी आलेला नसतो, यूट्यूबवाल्या भाऊने सांगितलं म्हणून आलेला असतो. तीस सेकंदात मजा आली नाही की पुढच्या कोडवर जातो.

आमच्या जिल्ह्याला या बाबतीत एक जुना आणि कडू अनुभव आहे. गेमपेक्षा फार गंभीर विषय आहे, दोन्ही एकाच पारड्यात टाकत नाहीये, पण सांगायला हवा. यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा आणि अंतरगाव अशी दोन गावं आहेत. बीटी कापसाने तिथे कशी समृद्धी आली, आत्महत्या कशा नाहीत, अशी बातमी २००८ साली एका मोठ्या इंग्रजी दैनिकात छापून आली. २०११ साली तोच मजकूर शब्दशः पुन्हा छापला गेला, या वेळी बियाणं कंपनीच्या जाहिरात मोहिमेचा भाग म्हणून. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजात पोचली, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी हे सगळं 'द हिंदू'त लिहून ठेवलं आहे.

जाहिरात पानभर होती. शेत मात्र कोरडवाहूच होतं. पीक छापील पानात येत नाही, शेतात येतं. आणि त्या पानाचा फायदा बियाणं विकणाऱ्याला व्हायचा होता, पेरणाऱ्याला नाही. कोणीही "प्रमोशन करा, वाढाल" म्हणालं की आधी हे विचारायची सवय लावून घ्यावी, की यात विकणारा कोण आणि पेरणारा कोण?

दुसरा मुद्दा : लिलाव

हे झालं यूट्यूबवाल्यांचं. आता गेम कंपन्यांनीच दुकान उघडलंय. रोब्लॉक्सवर पैसे भरून आपला गेम वर दाखवायची सोय बरीच वर्षं आहे. फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की मॅप शोधायच्या पानावर 'स्पॉन्सर्ड' अशी एक वेगळी रांग येणार, आणि तिथली जागा बोली लावून मिळणार. म्हणजे लिलाव.

लिलावात कोण जिंकतं? ज्याचा मॅप जास्त मजेदार तो नाही. ज्याला एका खेळाडूमागे जास्त पैसे सुटतात तो. माझ्या भावाला एका खेळाडूमागे शून्य रुपये सुटतात, तो किती बोली लावणार? ज्याने मॅपमध्ये तलवारी, पाळीव प्राणी आणि 'फक्त आजच' असली खोकी विकायला ठेवली आहेत, त्याला एका खेळाडूमागे पाच रुपये सुटत असतील तर तो चार रुपये बिनधास्त लावेल. एपिकने त्याच घोषणेत मॅपच्या आत वस्तू विकायची परवानगीही मॅपवाल्यांना देऊ केली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. वरच्या रांगेत पोचायला पैसे लागणार, आणि ते पैसे पोरांच्या खिशातून काढणारा मॅपच तिथे पोचणार. कापसाच्या ढिगात लपाछपी खेळवणारा नाही.

तिसरा मुद्दा : पैसा जातो कुठे?

इथे एपिकची बाजू मांडायलाच हवी, कारण ती वरवर बघता चांगली आहे. मार्च २०२३ पासून ते फोर्टनाइटच्या आयटम शॉपच्या आणि तत्सम विक्रीच्या निव्वळ उत्पन्नातले ४० टक्के एका सामायिक फंडात टाकतात, आणि लोक कुठे किती खेळले या हिशोबाने तो फंड वाटतात. २०२४ मध्ये या वाटपातून मॅपवाल्यांना ३५.२ कोटी डॉलर मिळाले. रक्कम खरंच मोठी आहे. शिवाय स्पॉन्सर्ड रांगेतून येणारा पैसा २०२६ अखेरपर्यंत शंभर टक्के आणि नंतर निम्मा याच फंडात टाकू, असंही त्यांनी जाहीर केलं.

वा! म्हणजे जाहिरातीचा पैसा मॅपवाल्यांकडेच परत?

थांबा. फंड वाटला जातो गर्दीच्या प्रमाणात. ज्याच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी, त्याला सगळ्यात मोठा घास. (एपिकचा स्वतःचा बॅटल रॉयलसुद्धा याच वाटपात धरला जातो, बरं का.) मग छोट्या पोराने जाहिरातीला भरलेले हजार रुपये फंडात गेले आणि तिथून कुणाकडे गेले? बहुतेक सगळे मोठ्यांकडे. गावातल्या लहान शेतकऱ्यांनी वर्गणी काढायची आणि ती एकराच्या हिशोबाने वाटायची, असला हा सहकार!

रोब्लॉक्सचं आणखी एक. तिथे कमावलेले रोबक्स खऱ्या पैशात बदलायचे तर किमान ३०,००० जमावे लागतात. सप्टेंबर २०२५ पासूनच्या वाढीव दराने त्याचे ११४ डॉलर होतात, म्हणजे साधारण दहा हजार रुपये. आमच्या नऊ हजारांएवढाच आकडा. म्हणजे आम्ही दोन दिवसांत जेवढा खर्च केला, तेवढी पहिली कमाई हातात पडायलाच तिथे हा उंबरठा ओलांडावा लागला असता.

"पण मग नवीन माणसाने करायचं काय?"

हा आक्षेप येणार, आणि तो खरा आहे. माझ्या टीममधल्या एकाने जेवणाच्या टेबलावर हाच काढला. म्हणे, "मॅप कितीही भारी असू दे, पहिले शंभर लोक आलेच नाहीत तर कळणार कसं? जो वर आहे त्याला लोक दिसतात म्हणून तो वर आहे. जाहिरात ही एकच शिडी आहे. ती काढून घेतलीस तर गरिबाने चढायचं कशावर?"

दुखणं बरोबर आहे, औषध चुकलंय. वरची जागा मोजकी आहे हे मान्य. पण ती मोजकी केली कोणी? पान कंपनीचं, रांगा कंपनीच्या, कुठला मॅप दाखवायचा हा निर्णय कंपनीचा. नवीन मॅपला रोज थोडी जागा फुकट देणं त्यांना सहज शक्य आहे. ती न देता तीच टंचाई विकायला काढायची आणि वर तिला शिडी म्हणायचं?

आणि ही शिडी तरी कशी, तर सगळ्यांनी चढायला घेतली की निरुपयोगी होणारी. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्यांनी पाहिलाय त्यांना दत्त चौकातले फ्लेक्स आठवत असतील. पहिल्या मंडळाने फ्लेक्स लावला तेव्हा तो अख्ख्या गावाला दिसला असेल. मग सगळ्यांनी लावले. आता मान वर केली तर नुसते चेहरे दिसतात, मंडळ कुठलं ते कळत नाही. पण यंदा लावायचा नाही असं एकही मंडळ म्हणू शकत नाही, कारण बाजूच्याने लावलाय. फायद्यात कोण? फ्लेक्स छापणारा. आणि देवीच्या दर्शनाला लोक अजूनही तिथेच जातात जिथला देखावा शेजारणीने सांगितलेला असतो.

आधी कसं होत होतं?

हे काही नवीन नाही. मॅप बनवणारी पोरं पंचवीस वर्षांपूर्वीही होती आणि त्यांच्याकडेही दमडी नव्हती.

काउंटर स्ट्राइकचा 'डस्ट टू' आठवतोय? आमच्या होस्टेलच्या लॅनवर परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा तोच चालायचा. तो डेव्ह जॉन्स्टन नावाच्या एका ब्रिटिश पोराने २००१ साली बनवला होता. गेमवाल्यांना तो आवडला, त्यांनी गेमबरोबर दिला, आणि पुढे तो जगभरच्या सायबर कॅफेत पोचला. कोणीतरी जाणकाराने खेळून, निवडून दिलेली ती जागा होती, लिलावात घेतलेली नव्हती.

दुसरं उदाहरण डोटाचं. २००२ साली आलेल्या वॉरक्राफ्ट थ्रीवर हौशी लोकांनी बनवलेला हा एक मॅप. त्या गेममध्ये गंमत अशी होती की कुणीही आपल्याकडचा मॅप मांडून बसायचा, तुम्ही त्याच्या खेळात शिरलात की मॅपची फाइल आपोआप तुमच्या मशीनवर उतरायची. उद्या तुम्ही मांडून बसा. खेळणारा प्रत्येक माणूस हाच वाटप करणारा! त्या मॅपमधून एक अख्खा खेळप्रकार जन्माला आला, आणि २०१३ मध्ये व्हॉल्व्हने 'डोटा टू' स्वतंत्र गेम म्हणून काढला.

त्याच व्हॉल्व्हने २०१३ च्याच एप्रिलमध्ये काउंटर स्ट्राइकमध्ये 'ऑपरेशन पेबॅक' आणलं. लोकांनी बनवलेले चांगले मॅप निवडले, खेळाडूंना पास विकला आणि त्या पैशातला वाटा मॅपवाल्यांना दिला. टीम फोर्ट्रेस टूमध्ये तर आवडत्या मॅपचा स्टॅम्प विकत घेऊन थेट त्याच्या कर्त्याला पैसे देता यायचे. पैशाची दिशा बघा. खेळणाऱ्याकडून बनवणाऱ्याकडे. आज ती उलटी करायला निघालेत. बनवणाऱ्याने जागेसाठी पैसे मोजायचे, आणि वर त्याला 'क्रिएटर इकॉनॉमी' म्हणायचं!

त्या काळी सगळं गोड होतं असं माझं म्हणणं नाही. डोटा खेळून ज्यांच्या इंजिनियरिंगला केट्या लागल्या त्यांना विचारा. पैशाने मागे पडलेले कितीतरी चांगले मॅप तेव्हाही विसरले गेलेच असतील. पण बोली लावता येत नाही म्हणून मागे पडणं, ही कटकट तेव्हा नव्हती.

मग पैसे कधीच टाकू नयेत का?

अगदीच सोवळं नको. दोन प्रसंगी चालतील.

एक, तपासायला. अनोळखी पन्नास माणसं मॅपवर कुठे अडतात, कुठे कंटाळतात, हे बघायचं असेल तर पाचशे रुपये टाका. पण तो चाचणीचा खर्च आहे हे स्वतःला बजावून टाका, वाढीचा नाही. रक्कम आधी ठरवा आणि ती संपली की हात आखडा.

दोन, मॅप आधीच धरून ठेवतोय हे दिसल्यावर. आज आलेल्यांतले बरेच उद्या स्वतःहून परत येतायत, तुम्ही न सांगता सोबत कोणाला तरी आणतायत, तर मग थोडं पाणी सोडायला हरकत नाही. गळक्या टाकीत मात्र टँकर ओतू नये. आणि गंमत म्हणजे, जो मॅप असा धरतो त्याला जाहिरातीची गरज सगळ्यात कमी असते.

आता शेवटचं. दिवाळीत मी आणि भाऊ गच्चीवर बसलो होतो. मी विचारलं, "त्या हजारो लोकांतल्या कोणी काही कळवलं का रे? आवडलं, नाही आवडलं?"

"नाई ना. एकानंही नाई."

"आणि गल्लीतले?"

"त्यायनं तं डोकं खाल्लं. म्हने टाकीच्या मागं लपलं का मानूस तिथंच अडकते, निंगताच येत नाई. मी म्हनलं जाहिरात झाल्यावर पाहू."

झुंबड उडाली होती त्या दोन दिवसांत टाकीमागे किती जण अडकून वैतागून निघून गेले असतील, देव जाणे. नऊ हजार रुपये आम्ही लोकांना एका चुकीपर्यंत आणून सोडायला खर्च केले. आणि ती चूक बारा पोट्ट्यांनी फुकटात सांगितली होती. तेव्हा आम्ही दोघंही मोठ्या आकड्यांकडे बघत होतो, आणि बघायला मी शिकवलं होतं.

पुण्याला परत आल्यावर त्याला पाच हजार पाठवले. सल्ला एकही पाठवला नाही.

ता. क. : काल त्याचा मेसेज आला. टाकी दुरुस्त केलीये. दारव्ह्याला शिकणारा एक पोट्टा त्याच्या होस्टेलवर मॅप घेऊन गेलाय, तिथून सहा-सात जण रोज रात्री येतात. एकूण झाले एकोणीस. स्क्रीनशॉट पाठवला नव्हता. मीच मागून घेतला.